गाडीला झोप लागेपर्यंत

त्रिलोकेकर बाईंची गाडी
रात्री तीनला आपसूक वायपर मारायची,
कोरड्या काचेवर, खर्र खर्र,
मग दारं लॉक, अनलॉक, लॉक,
आणि सकाळी बॅटरी ठणठणगोपाळ.

माझगावात त्यांना एकाने दोन बॅटऱ्या विकल्या,
दुसऱ्याने अल्टरनेटर.
तिसरा म्हणाला, लिंबू-मिरची बांधा.
सोसायटीने नोटीस दिली.
तेव्हा आल्या दारूखान्यात, माझ्या गाळ्यावर,
टो करून, पण स्टिअरिंगवर स्वतः,
पर्समध्ये सगळ्या बिलांची घडी.

म्हटलं, आधी झोपवू तिला.
दाराच्या कुलपात स्क्रूड्रायव्हर फिरवून
दार लागल्याची थाप मारली,
निगेटिव्हला मीटर जोडला.
आता वीस मिनिटं कुणी काही करायचं नाही.
किल्ली लांब. आवाज नाही.
तान्हं पाळण्यात ठेवल्यावर घर वागतं
तसं वागायचं.

बसलो टायरवर.
पलीकडे जहाजाचा पत्रा कापत होते.
वीस झाली, पंचवीस झाली;
मीटर चारशे ऐंशी मिलिअॅम्पवर अडून.
तीस हवा.
मग फ्यूज उपटत गेलो,
रेडिओ, आरसे, डिकीचा दिवा,
सत्तावीस नंबर उपटला
आणि पायरी चुकावी तसा आकडा
एकदम खाली.

"परत लाव," बाई म्हणाल्या,
आणि साडीची फिकीर न करता
डॅशबोर्डखाली डोकं घातलं.
टक्. टक् टक्.
टक्.
"रिले. अठ्ठावीस वर्षं गावदेवी एक्स्चेंजला होते मी.
कुणीतरी नंबर फिरवतंय रे,
आणि लाइन लागत नाहीये."

स्कॅनर इतकंच म्हणाला होता: संपर्क नाही.

डाव्या पायाजवळचं पॅनल काढलं.
बॉडी कंट्रोल मॉड्यूल, डब्याएवढं, काळं,
आणि तिसऱ्या कनेक्टरच्या पिना
पितळेच्या भांड्यात ताक कळकावं तशा हिरव्या.
वर काचेखालच्या नाळीत बदामाची पानं,
दोन पावसाळ्यांची, कुजून बूच झालेली.
पाण्याला कुठूनतरी उतरायचंच होतं.
उतरलं नेमकं इथे.

कंपनीत एकतीस हजार आणि सहा आठवडे.
कुर्ल्यात नौशादकडे साडेचार, रोख,
पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून.
आणला, जोडला.
गाडीने बाईंची किल्ली ओळखली नाही.

आत दुसरंच बिऱ्हाड होतं:
दुसरा चॅसी नंबर, दोन परक्या किल्ल्या,
एक्क्याऐंशी हजार चारशे सहा किलोमीटर
आणि शेवटची नोंद,
धडक, समोरून; सगळी दारं उघडली.

हे मी बाईंना बोललो नाही.
त्या नाळीतली पानं काढत होत्या,
एकेक, हेअरपिनने.
मी पुसलं सगळं.
पुसण्याआधी तो आकडा खडूने शटरवर लिहिला.
का, ते विचारू नका;
कुणाला कुठला पाना उसना दिला
तेही मी तिथेच लिहितो.

मग त्यांचा नंबर घातला, त्यांच्या किल्ल्या शिकवल्या,
लॉक केलं. इंडिकेटर दोनदा मिचकावले.
पुन्हा टायर. पुन्हा वीस मिनिटं.
चारशे दहा.
एकशे वीस.
पत्रा कापणारे जेवायला गेले.
अठ्ठावीस.
बाईंनी हातानेच खूण केली, बोलू नको.

बिल लिहिलं. मजुरी अडीच हजार.
"यातली पाऊण तास तू नुसता बसला होतास."
"त्याचेच आहेत, बाई."
त्यांनी चष्मा पुसला, नोटा मोजल्या,
शंभरची एक परत पर्समध्ये टाकली.
"लाइन लागत नाही, हे कुणी सांगितलं?"